आप्पांच्या पीसीचा बॅकअप: कामाच्या नोंदी

४ मे २०२५, रविवार

आज सांगलीच्या गावभागात आईकडं गेले होते तर आप्पा म्हणाले पीसी फार घुटमळतोय, फोल्डर उघडायला मिनिटभर लावतो आणि आतून टकटक आवाज येतो. टकटक ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं, विंडोज ज्या छोट्या एसएसडीवर आहे ती निळी म्हणजे ठणठणीत, पण डी ड्राइव्हची जुनी एक टीबीची हार्ड डिस्क पिवळी, पुढं 'कॉशन' लिहिलेलं. करंट पेंडिंग सेक्टर ८. म्हणजे डिस्कवरच्या आठ जागा तिला स्वतःलाच वाचता येईनात आणि त्यांचं काय करायचं ते ठरवायचं बाकी आहे. आठ म्हणजे काही नाही असं वाटतं, पण एकदा हा आकडा शून्यावरून हलला की पुढं काय होईल सांगता येत नाही.

आणि डी ड्राइव्हवरच सगळं आहे. आप्पांनी १९९६ ते २०१५ घरातच डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं काम) केलं, लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे अहवाल, नाट्यमंडळांच्या कार्यक्रमपत्रिका, ते सगळं. त्यांनी हौसेनं कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेली संगीत नाटकांची रेकॉर्डिंग. २००४ पासूनचे फोटो. दादाच्या लग्नाचा व्हिडिओ.

दुसरी कॉपी कुठंय विचारलं तर आप्पा म्हणाले, होती की, ती पुरात गेली.

ते मलाही माहीत होतं खरं तर, फक्त विसरायला झालं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या गल्लीत पाणी शिरायच्या आधी आम्ही सीपीयू, गॅसची टाकी, कागदपत्रांची ट्रंक माळ्यावर चढवली आणि बॅकअपची एक्स्टर्नल हार्ड डिस्क खालच्या कपाटाच्या ड्रॉवरमध्येच राहिली, कारण ती "जपून ठेवलेली" होती. मूळ वाचलं आणि बॅकअप बुडाला. नंतर तो ड्रॉवर उघडायलाच दोन दिवस लागले, लाकूड फुगलेलं, आत गाळ. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा परत सीपीयू माळ्यावर. सहा वर्षं एकाच कॉपीवर चाललंय सगळं.

ठरवलं. जूनमध्ये पावसाच्या आधी हे उरकायचं. वही करण्यापेक्षा इथंच लिहीत जाते.

६ मे

पहिलं काम अपलोड नाही, पहिलं काम मरायला टेकलेल्या डिस्कवरून माल बाहेर काढणं. मारुती रोडवरून दोन टीबीची एक्स्टर्नल आणली, साडेपाच हजारांच्या आसपास. शिवाय पीसीच्या आत बसवायला नवीन एक टीबीची डिस्क, ती दुकानवाला शनिवारी येऊन बसवणार.

ड्रॅग करून कॉपी केलं तर मधेच एरर येऊन सगळं थांबतं म्हणून रोबोकॉपी वापरायचं ठरवलं, ती विंडोजचीच कॉपी करायची कमांड, काळ्या खिडकीत टाइप करून द्यायची. रात्री दहाला कमांड देऊन घरी विश्रामबागला आले. सकाळी सातला आप्पांचा फोन, "ते काळं खिडकीवालं एकाच ओळीवर बसलंय रात्रभर." ११ जीबीवर अडकलेलं. कारण रोबोकॉपीला आपण काही सांगितलं नाही तर न वाचता येणाऱ्या फाइलसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर प्रयत्नामध्ये तीस सेकंद थांबून! हिशोब केला तर एका फाइलला ३४७ दिवस. आणि तेवढा वेळ आजारी डिस्क त्याच खराब जागेवर डोकं आपटत बसणार, म्हणजे मदत करायची सोडून मीच तिला मारत होते. आकडा बदलून एकदाच प्रयत्न कर आणि पुढं जा असं सांगितलं, एक लॉग फाइल काढायला सांगितली, मग साडेचार तासांत संपलं. दोन फाइल गेल्या. एक कुठल्यातरी पिक्चरची, तिचं दुःख नाही. दुसरी २००९ च्या गणपतीतला व्हिडिओ, अर्धाच आलाय. आजीचा आवाज त्यातच होता की दुसऱ्यात, बघायची हिंमत केलेली नाही अजून.

१० मे, शनिवार

नवी डिस्क बसली. जुनी काढून पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवली, फेकायची नाही.

विझट्रीनं मोजमाप केलं. एकूण ४८७ जीबी. त्यातले फोटो १७१, व्हिडिओ १४८, कॅसेटची रेकॉर्डिंग ५८, आप्पांचं डीटीपी ३४, आणि उरलेले ७६ म्हणजे निव्वळ कचरा: डाउनलोड, जुन्या मोबाइलच्या कॉपीच्या कॉपी, पिक्चर, तीन वेगवेगळ्या वर्षी उतरवलेला तोच प्रिंटरचा ड्रायव्हर.

गंमत म्हणजे ज्या कामावर घर चाललं ते एकोणीस वर्षांचं काम फक्त ३४ जीबी. पत्रिकेची एक फाइल मेगाबाइटभराचीसुद्धा नसते. आणि आईच्या फोनमधले शुभ सकाळचे फोटो एकट्यानं ९ जीबी.

११ मे, रविवार

संध्याकाळी दादाशी (तो पुण्यात, आयटीत) तासभर बोलणं. त्याचं म्हणणं अगदी साधं होतं, तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केला असं तो म्हणाला. आपल्या सांगलीत तिसऱ्या कलमाला जास्त महत्त्व. "घराबाहेर" म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर नव्हे आणि शेजारच्या काकूंकडं पण नव्हे, पुराच्या रेषेबाहेर.

मी म्हटलं ड्राइव्हवर टाकते सगळं, गूगलचं. तर म्हणाला फुकटचे १५ जीबी, तेही जीमेल आणि फोटोंसकट मिळून, आणि फोटो अमर्याद फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ लाच संपली. पैसे भरले तर २ टीबीचा प्लॅन आहे, वर्षाला साडेसहा हजारांच्या घरात. पण त्याचा मुद्दा पैशाचा नव्हताच. म्हणाला ते सिंक आहे, बॅकअप नाही. इकडं पुसलं की तिकडं पुसतं.

हे मला पुस्तकी वाटलं असतं, पण आईनं मागच्या दिवाळीत प्रत्यक्ष करून दाखवलंय. फोन भरला म्हणून तिनं गॅलरीतून सातशे फोटो पुसले, "ते वर आहेत की" म्हणून निवांत. वरचेही गेले. नशीब की त्या ॲपच्या कचरापेटीत साठ दिवस राहतात आणि ते मला चाळिसाव्या दिवशी कळलं. बॅकअपवाल्या सर्व्हिसमध्ये पुसलेली फाइलसुद्धा काही काळ राहते, कुठं तीस दिवस, कुठं वर्षभर, आणि फाइल बदलली तर आधीची पण राहते. व्हायरसनं सगळं लॉक केलं, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायनं जगभर केलं होतं तसं, तर सिंकवाला इमानदारीनं लॉक झालेल्या फाइलीच वर चढवणार.

मग दोन रस्ते. एक दादाचा आवडता: रेस्टिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर, आणि जागा बॅकब्लेझच्या बी-टू मध्ये, म्हणजे ऑनलाइन भाड्याची जागा, एका टीबीला महिन्याला ६ डॉलर, म्हणजे आपल्या ४८७ जीबीला तीन डॉलरसुद्धा नाही. दुसरा रस्ता तयार सर्व्हिस, एका कॉम्प्युटरला वर्षाचे ठरावीक पैसे, कितीही माल टाका, कुठल्या फोल्डरचं काय ते तीच बघते.

मी दुसरा घेतला. दादा नाराज. पण रेस्टिक सगळं काळ्या खिडकीत चालतं आणि काही अडलं तर गावभागातून कोण बघणार, आप्पा ७४ वर्षांचे आहेत, पेजमेकरमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) ते वाघ आहेत पण काळ्या खिडकीचं त्यांना वावडं. स्वस्त आणि कुणाला न कळणारं, त्यापेक्षा थोडं महाग आणि आप्पांना एक हिरवी खूण दिसणारं बरं. साडेआठ हजारांच्या आसपास पडले वर्षाचे, डॉलरमध्ये असल्यानं बँकेनं वर थोडं काढलंच. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटते.

दादानं जाता जाता एक टाचणी लावलीच. क्रॅशप्लॅन अशीच घरगुती बॅकअपची लोकप्रिय सर्व्हिस होती, २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी घरगुती ग्राहक बंद करतोय म्हणून जाहीर केलं, आता फक्त धंदेवाल्यांना. लोकांना दुसरीकडं परत टीबीच्या टीबी चढवायला लागले. म्हणून ऑनलाइनवाल्याच्या भरवशावर घरची डिस्क टाकून द्यायची नाही. बरोबर आहे त्याचं. एक्स्टर्नल डिस्क माझ्याकडं विश्रामबागला राहील.

१३ मे

साफसफाई. ड्यूपगुरूनं डुप्लिकेट शोधले. फोटो १७१ वरून ११२, व्हिडिओ १४८ वरून ११९. पुसताना आप्पा खुर्ची टाकून मागं बसलेले, प्रत्येक फोटोला "थांब, हा वेगळा आहे" म्हणायचे. वेगळा नसायचा. दोन तासांनी मी त्यांना भाजी आणायला पाठवलं.

कॅसेटची रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलीत होती, नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटला जवळजवळ ९५० एमबी. फ्लॅकमध्ये बदलली, ५८ चे ३१ झाले आणि आवाजात कणभर फरक नाही, कारण फ्लॅक काही टाकून देत नाही, फक्त घडी घालतं. एमपी३ केलं असतं तर आणखी लहान झालं असतं पण आप्पांनी त्या ऑर्गनच्या सुरासाठी माझा जीव घेतला असता.

कचरा ७६ चा ६ झाला. डीटीपीच्या ३४ ला हात लावला नाही. एकूण ३०२.

१६ मे

नेटचं गणित. प्लॅन ५० एमबीपीएसचा, पण आपण नेहमी बघतो तो डाउनलोडचा आकडा आणि इथं लागतो अपलोडचा. मोजला तर संध्याकाळी ४, रात्री बारानंतर १२. केबलवाल्या पोराला विचारलं तर म्हणे "मॅडम, अपलोड कोण करतंय घरातनं?" बरं. १२ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दीड एमबी, ३०० जीबीला साधारण ५५ तास, रोज रात्री आठ तास धरले तर सात रात्री. दिवसा चालवलं तर आईची सिरियल अडकते, तो धोका मी पत्करणार नाही.

सर्व्हिसचं सॉफ्टवेअर टाकलं. स्वतःची की ठेवायची सोय होती, म्हणजे माल इथून निघतानाच कुलूपबंद होतो आणि किल्ली फक्त आपल्याकडं, त्यांना हवं तरी उघडता येत नाही. घेतली. पण मग पासवर्ड हरवला तर "पासवर्ड विसरलात का" वाला रस्ता नाही, माल गेलाच. याची वेगळी सोय करायची आहे (खाली बघा, ८ जून).

अजून एक बारकावा मदतीच्या पानावर खोल कुठंतरी सापडला: जोडलेली एक्स्टर्नल डिस्क तीस दिवस परत जोडली नाही तर तिच्यावरचा माल ते आपल्या बाजूनं काढून टाकतात. बरं झालं आतली डिस्क घेतली.

१८ मे ते २५ मे

रात्री. एकत्रच लिहिते, रोजचं लिहिण्यासारखं नव्हतं.

पहिल्या रात्री ३ जीबी. फक्त ३! पीसी वीस मिनिटांनी झोपायला जायचा, सेटिंग तसं होतं. झोप बंद केली, स्क्रीन तेवढा बंद होऊ दिला.

दुसऱ्या रात्री ४१. आप्पांनी सकाळी फोनवर सांगितलं, "दोनशे अठ्ठावन्न राहिलंय." त्या दिवसापासून हा रोजचा फोन झाला, सात वाजता, दुधाचा हिशोब सांगितल्यासारखा. मी विचारायच्या आत आकडा.

तिसऱ्या रात्री वळवाचा पाऊस, वीज गेली दोन तास. राउटर इन्व्हर्टरवर आहे पण पीसी साध्या यूपीएसवर, तो पंधरा मिनिटांत ओरडून गप्प. आप्पांनी उठून पीसी बंद केला व्यवस्थित, पहाटे परत चालू केला. तुटलेलं काम जिथं थांबलं तिथूनच पुढं गेलं, परत पहिल्यापासून नाही, हे चांगलं आहे. २९ च झाले.

मग यंदा पावसानं काय केलं सगळ्यांना माहीतच आहे, मे महिना संपायच्या आत जुलैसारखा कोसळायला लागला, विजेचा खेळखंडोबा. आई म्हणाली नदी बघून आले, अजून खाली आहे. कुणी विचारलं नव्हतं. गावभागातल्या माणसाला पाऊस लागला की पाय आपोआप घाटाकडं वळतात.

२५ ला सकाळी "अठ्ठावन्न राहिलंय".

२७ मे

झालं! ३०२ जीबी, बाकी शून्य, हिरवी खूण. मान्सून काल मुंबईत पोचला म्हणे, आम्ही त्याच्या बरोबरीनंच पोचलो. आप्पांनी हिरव्या खुणेचा मोबाइलवर फोटो काढून दादाला पाठवला.

दादाचं उत्तर: "रिस्टोर करून बघितलं का?"

असलं बोलतो ना तो.

१ जून, रविवार

बघितलं.

माझ्या लॅपटॉपवरून, विश्रामबागेतून, आप्पांच्या पीसीला हात न लावता. हीच खरी परीक्षा, समजायचं की तो पीसी पाण्यात गेला. वेबसाइटवर लॉगिन, की टाकली, २०११ चं फोल्डर निवडलं, झिप तयार व्हायला पंधरावीस मिनिटं, मग डाउनलोड. फोटो उघडले, चकाचक. फ्लॅक वाजली. मी खूश. मग सहज म्हणून एक पत्रिकेची फाइल उघडली, एक कोरल ड्रॉची आणि एक वर्डची.

वर्डची फाइल उघडली आणि समोर इंग्रजी अक्षरं, मधेच पौंडाचं चिन्ह, उलटे कंस, डोक्यावर टिंबं दिलेले फ्रेंच ए, सगळी खिचडी. कोरलवाली म्हणाली फॉन्ट सापडत नाही, बदली कुठला देऊ. बदली म्हणून काहीही दिलं तरी तीच खिचडी, फक्त वेगळ्या वळणाची.

पाच मिनिटं वाटलं फाइल खराब झाली, एवढ्या रात्रींची यातायात वाया. मग ट्यूब पेटली. फाइल अगदी धडधाकट आहे. आप्पांच्या काळात युनिकोड, म्हणजे आजचं कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखंच उघडणारं मराठी, नव्हतंच डीटीपीत, श्रीलिपी, सीडॅकचे डीव्हीबी-वाले फॉन्ट, शिवाजी, कृतीदेव, यांच्यात प्रत्येक मराठी अक्षर, नाही, अक्षर पण नाही, काना, वेलांटी, अर्धा श, हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फाइलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांची रांग असते. मराठी असतं फॉन्टमध्ये. फॉन्ट नाही तर फाइल मुकी.

आणि फॉन्ट कुठं असतात? विंडोजच्या फोल्डरमध्ये. आणि बॅकअपची सर्व्हिस नेमकं काय वगळते? विंडोजचं फोल्डर. सॉफ्टवेअर आणि सिस्टीम परत इन्स्टॉल करता येते, ती कशाला चढवायची, या हिशोबानं. त्या हिशोबात चूक काही नाही, सेटिंगमध्ये वगळलेल्याची यादी स्पष्ट दिलेली आहे, मीच वाचली नव्हती. ज्यांच्या भाषेला वेगळा फॉन्ट लागतच नाही त्यांना हे कधी जाणवणार पण नाही.

म्हणजे २०१९ ला सीपीयू बुडाला असता आणि ड्रॉवरमधली डिस्क वाचली असती, तरी आप्पांचं काम वाचलं नसतंच. त्या डिस्कवर पण फॉन्ट नव्हते. हे आप्पांना सांगितलं नाही अजून.

३ जून

रजा टाकली आणि फॉन्टच्या मागं लागले. आप्पांना सांगितलं शेवटी. ते अजिबात दचकले नाहीत, उलट म्हणाले "अगं प्रेसला फाइल द्यायचो तेव्हा बरोबर फॉन्टची फ्लॉपी द्यायचीच असते, नाहीतर प्लेटवर कोंबडीचे पाय उमटतात. तुला कुणी सांगितलं नाही?" कोण सांगणार होतं आप्पा.

विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये ३१४ मराठी फॉन्ट निघाले, श्री-देव आणि पुढं चार आकडे अशी रांगच्या रांग, आप्पांना आकडे तोंडपाठ, "०७१४ मजकुराला, नाव जाड हवं असेल तर दुसरा." सगळे डी ड्राइव्हवर 'फॉन्ट' नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी. तरी एक पत्रिका उघडेना. मग कळलं की विंडोज १० मध्ये एखादा फॉन्ट फक्त एका युजरपुरता इन्स्टॉल केला तर तो विंडोजच्या फोल्डरमध्ये जातच नाही, त्या युजरच्या लपवलेल्या ॲपडेटामध्ये आत कुठंतरी बसतो. तिथं अजून १७ निघाले. मागच्या वेळी पीसी दुरुस्त करणाऱ्यानं तसे टाकले असणार.

सीडींची पेटीपण उघडली. पेजमेकर ७ ची सीडी आहे (ते २००१ चं, त्यानंतर पेजमेकर आलंच नाही), वाचता येते अजून, तिची इमेज करून ठेवली. श्रीलिपीची सीडी आहे पण ते डोंगल लावल्याशिवाय चालत नाही, आणि डोंगल म्हणजे पीसीला जोडायची सॉफ्टवेअरची किल्ली, एक बोटभर प्लास्टिक, ते काही कुठल्या क्लाउडवर चढत नाही. आप्पांनी ते देवघरातल्या खणात ठेवलंय. खण खालच्या मजल्यावर. मी काही बोलले नाही, आईनंच उचलून वर नेलं.

७ जून

विचार केला की फॉन्ट असले तरी दहा वर्षांनी पेजमेकर चालवणारं मशीन कुठं मिळणार. हा पीसी विंडोज १० वर आहे, त्याचा सपोर्टच येत्या १४ ऑक्टोबरला संपतोय. म्हणून जे महत्त्वाचं आहे त्याची पीडीएफ करायची, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच घालता येतो, कुठंही उघडलं तरी दिसणार. मूळ फाइल आहे तशीच राहू द्यायची, शेजारी त्याच नावाची पीडीएफ. एक ध्यानात ठेवायचं, या पीडीएफमध्ये मराठी डोळ्यांना दिसतं पण शोधता येत नाही, कॉपी करून दुसरीकडं टाकलं तर परत तीच खिचडी. मजकूर खरा वापरायचा असेल तर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करायला लागणार. ते पुढच्या उन्हाळ्याचं काम.

सगळ्याची नाही करणार. आप्पांना म्हटलं तुम्ही निवडा. त्यांनी लग्नपत्रिका जवळजवळ सगळ्या गाळल्या, "त्यात काय आहे, नावं बदलली की झालं", आणि नाट्यमंडळांच्या कार्यक्रमपत्रिका एकूण एक ठेवल्या. १८४३ ला इथं विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटक केलं त्या गावात कोणत्या साली कोण कुठल्या भूमिकेत उभं राहिलं हे दुसरीकडं लिहिलेलं असेलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. साबुदाणा खिचडी खात खात दिवसभरात ६२ झाल्या. आज खिचडीच फार आहे नोंदीत.

८ जून, रविवार

पासवर्ड आणि की. दोन पाकिटं केली. प्रत्येकात ईमेल, पासवर्ड, की, आणि दुसऱ्या टप्प्याच्या लॉगिनचे एकदाच चालणारे दहा कोड, कारण ओटीपी माझ्या फोनवर येतो आणि माझा फोन पडला पाण्यात तर? एक पाकीट दादाकडं पुण्याला, एक माझ्याकडं. गावभागात मुद्दाम एकही नाही.

आईनं विचारलं, "आणि तू विसरलीस की पाकीट कुठं ठेवलंय?" म्हणून तिच्या पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, पासवर्ड नव्हे, पाकीट कुठल्या कपाटात ते.

एक्स्टर्नल डिस्कवर सगळं नव्यानं उतरवलं, फॉन्टसकट, आणि घरी घेऊन आले. महिन्याच्या पहिल्या रविवारी नेऊन ताजी करायची असं ठरलंय. बघू किती महिने टिकतं.

१५ जून, रविवार

दुसरी परीक्षा. या वेळी आप्पांनाच विश्रामबागला आणलं. परत लॅपटॉपवरून, परत वेबसाइटवरून, पण आधी 'फॉन्ट' फोल्डर उतरवून इन्स्टॉल केलं आणि मग आप्पांना म्हटलं तुम्हीच फाइल निवडा. त्यांनी मुद्दाम अवघड निवडली, १९९८ ची, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, वर्डमध्ये टाइप केलेली. (पत्रिका गाळायच्या म्हणाले होते ना. असो.)

झिप आली, उघडली, फाइल क्लिक केली. गणपती आला, खाली श्लोक आला, सगळं जागच्या जागी. कोंबडीचे पाय नाहीत. आप्पा चष्मा वर करून जवळ गेले, वाचत राहिले, मला वाटलं डोळे भरून आले असतील म्हणून मी गप्प बसले.

"आर्शिवाद," ते म्हणाले.

काय?

"आर्शिवाद लिहिलंय. रफार चुकीच्या जागी. सत्तावीस वर्षांपूर्वी तीनशे पत्रिका गेल्या की गं या अशाच." आणि मग फार वेळ बोलले नाहीत. चहा झाला, पोहे झाले, रिक्षात बसताना परत म्हणाले, आशीर्वाद पाहिजे.

मी म्हटलं आप्पा ती मूळ फाइल आहे, आता तिला हात लावू नका, जशी आहे तशी राहू दे. ते हो म्हणाले.

रात्री साडेनऊला सर्व्हिसच्या पानावर सहज बघितलं तर गावभागातल्या पीसीवरून एक फाइल वर चढली होती. एकच. २८ केबी. जुनी खाली आहेच, तारखेसकट, वर्षभर राहील.